एका दगडावर दोन नावं

मी मूळची वळसंगची. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला, त्यामुळे विश्वास मला घरातल्या भांड्यांसारखा आयता मिळाला. आणि आमचे हे, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, माग बिघडला की स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय कोणाचं ऐकायचे नाहीत, देवाच्या बाबतीतही तसेच. काय सांगू तुम्हाला, लग्नानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला भाकरीचं ताट त्यांच्यापुढे आलं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून, काही न घेता, माझ्याकडे दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, अहो, हे काय, लोक बघत होते की. म्हणाले, मला अजून देवाची खात्री नाही, विश्वास आहे असं खोटं दाखवून भाकर कशी घेऊ. शेवटपर्यंत असंच. दर रविवारी यायचे, माझ्या शेजारी बसायचे, गीतं माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणायचे, आणि ताट पुढे द्यायचे.

गेल्या वर्षी ते गेले. आमच्याकडे कबरेच्या दगडावर नावाखाली ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असं कोरतात, सगळ्यांच्याच असतं. पण आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, वहिनी, नुसतं नाव घाला, दादांनी कधी प्रभुभोजन घेतलं नाही, त्यांच्या तारणाचं, आत्मा तरल्याचं, आपण कसं लिहायचं. पाळकसाहेब सोबत होते, ते समजावणीच्या सुरात म्हणाले, बाई, तर्कानं तारण मिळत नाही. मी चारचौघांत बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, मिळत नसेल, मान्य. मग तुमच्या तर्कानं ते जातं कसं? ज्या माणसानं प्रभूच्या त्या मेजाचा इतका मान राखला की खोटेपणानं हात लावला नाही, तो बाहेर, आणि घरी भांडून येऊन भाकर घेणारे आपण सगळे आत? सेक्रेटरी म्हणाले, दगडाला मंडळीच्या समितीची परवानगी लागते. मी विचारलं, माझ्या दगडाला द्याल ना? म्हणाले, तुमचा प्रश्नच नाही, वहिनी.

झालं. दगड घडवणाऱ्या युसूफभाईंना मी सांगितलं, दगड एकच, नावं दोन, वर यांचं, खाली माझं, आणि दोन्हींच्या खाली ते शब्द. ते दचकले, अम्मा, जीते आदमी का नाम नक्को. म्हटलं, कोरा हो, मला जायची घाई नाही.

आता समितीला यांचे शब्द खोडायचे तर माझेही खोडावे लागतील. अजून कोणी आलेलं नाही. शंका मलाही येतात, पूर्वी घाबरायची, आता येऊ देते, आणि रविवारी भाकर घेते. एवढं ऐकून घेतलंत, देव तुमचं भलं करो, बाई. त्याला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. यांनी जन्मभर विचारलं. आता समोर बसून विचारत असतील.