कमलाक्षीअक्कांचा निरोप आणि एस्तरची साक्षी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपणा सर्वांचे तुळजाजीमामा, प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या आमच्या चर्चच्या महिला संघाच्या अध्यक्षा श्रीमती ज्ञानसौंदरी अम्मा, सत्कारमूर्ती कमलाक्षीअक्का, राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून आलेली, या तमिळ मुलखात मराठी टिकवून धरलेली थोर मंडळी, आणि मागे उभी असलेली, मराठी कळतं पण बोल म्हटलं की पळ काढणारी आमची मुलंबाळं, सर्वांना माझा नमस्कार.

मी वासुकी, व्यंकोजींची मुलगी. माझं लग्न चर्चमध्ये झालं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, काहींना जरा जास्तच ठाऊक आहे. ते असो. आज प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलेल्या ज्ञानसौंदरी अम्मा माझ्या सासूबाई. मी त्यांना अत्तै म्हणते. त्यांना मराठी येत नाही, तरी मघापासून प्रत्येक वाक्याला मान डोलावतायत, एवढा त्यांचा आपल्यावर लोभ. तुळजाजीमामा, घड्याळ बघू नका, मी फार वेळ घेत नाही. खरं तर माझंच लक्ष आज थाऱ्यावर नाही. का, ते बोलता बोलता येईलच.

कमलाक्षीअक्कांविषयी मी नवीन काय सांगू? मिशनच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. या हॉलमधली निम्मी मुलं त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडली असतील. पण आमच्या चर्चच्या मागच्या खोलीतल्या अक्का तुम्हाला माहीत नाहीत. दर बुधवारी दुपारी कपाळाला ठसठशीत कुंकू लावून त्या तिथे येऊन बसायच्या. समोर आम्ही, नुकत्या बाळंत झालेल्या ख्रिस्ती बायका. सुरुवातीला संघातल्या बायका कुजबुजल्या, ही कुंकूवाली आपल्या पोरींना काय शिकवणार? अक्कांनी शिकवलं काहीच नाही. त्या फक्त विचारायच्या.

माझंच उदाहरण घ्या, तेव्हा ही बुधवारची खोली सुरूही झाली नव्हती. माझा मुलगा झाला तेव्हा मला रडू यायचं. कारण? कारण काही नाही. सांबारात मीठ कमी, रडू. मीठ बरोबर, तरी रडू. बाळाला आंघोळ घालायची भीती वाटायची, माझ्या हातून निसटेल म्हणून. ते झोपलं की नाकाशी बोट धरून बसायचे, श्वास चालू आहे का बघत. स्वतः मात्र झोपायचे नाही. अत्तैंनी काही कमी केलं नाही हो. लसणीची आमटी म्हणजे कुळंबु, बाळंतिणीचं पथ्याचं पत्तियम, सगळं स्वतःच्या हाताने. आणि रोज दुपारी संघातल्या बायका घरी प्रार्थनेला. मी रेशमी साडी नेसून, बाळ मांडीवर घेऊन मध्ये बसायचे. भोवती सगळ्या मोठ्याने मागायच्या, प्रभू, हिच्या मनातलं दुःख काढून टाक, हिचा विश्वास वाढव. माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. मग कॉफी. कप मीच आणायचे. प्रार्थना वाईट होती का? मुळीच नाही. पण रोज दुपारी मला कळायचं की माझा विश्वास कमी पडलाय, आणि आता हे साऱ्या रस्त्याला माहीत झालंय.

आमच्यात एक रीत आहे. बाळंतीण पहिल्यांदा चर्चला येते तेव्हा तिने पुढे उभं राहून साक्षी द्यायची. म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं, मला किती आनंद दिला, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी उभी राहिले. माइक हातात. मी आपली बाळाचं टोपडंच नीट करत राहिले. शेवटी अत्तै आल्या, त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि माझी साक्षी त्यांनीच देऊन टाकली. फार सुंदर दिली. लोकांनी देवाची स्तुती करत ‘स्तोत्रम’ म्हटलं. मी शेजारी उभी राहून माझा आनंद ऐकत होते.

त्या दिवशी कोणाच्या तरी निमंत्रणावरून अक्का मागच्या बाकावर होत्या. दुसऱ्या दिवशी त्या प्रार्थनेच्या बायकांबरोबर घरी आल्या. सगळ्यांचं आमेन होऊ दिलं, आणि मग माझ्याजवळ खाली बसून मराठीत विचारलं, "वासुकी, भीती कशाची वाटते ग?" किती दिवसांनी कोणीतरी माझ्याशी माझ्या आईच्या भाषेत बोललं होतं. मी सगळं सांगितलं. मग त्या उठल्या आणि बायकांना म्हणाल्या, "प्रार्थना रोज करा, पण स्वयंपाकघरात बसून करा. ही आता झोपेल. आणि कॉफी ज्याची त्याने करून घ्या." अत्तैंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता! मला त्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. वाटेत मी विचारलं, गोळी घेतली तर देवावर विश्वास नाही असं होईल का? अक्का म्हणाल्या, "नऊ महिने लोहाची गोळी खाल्लीस, तेव्हा हा प्रश्न कुठे होता?"

मी बरी झाले. हळूहळू झाले, पण झाले. आणि म्हणूनच मी आज अशी अस्वस्थ आहे.

अक्का पुढच्या आठवड्यात मुलीकडे कोइमतूरला चालल्यात. त्यांनी सुखाने जावं, त्यांचा तो हक्क आहे. बुधवारची खोली आम्ही चार जणी उघडू. पण माझी नणंद एस्तर पापनाशमहून बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिला गोड मुलगी झाली. आणि एस्तर झोपत नाही. आज सकाळी ती मला, तिच्या वहिनीला, म्हणाली, "अण्णी, ही मुलगी माझ्यापेक्षा दुसऱ्या कोणाकडे बरी राहील, मी नसलेलीच बरी." हे ऐकल्यापासून मी तिला एकटं सोडलेलं नाही. शेजारची अंबुजा आत्ता तिच्याजवळ बसली आहे, म्हणून मी इथे उभी राहू शकले. येत्या रविवारी एस्तरची साक्षी आहे, आणि सोमवारी तिला सासरी पाठवायचं ठरलंय. तिथे तिला कोण विचारणार?

घरातली गोष्ट अशी हॉलमध्ये मांडतात का, असं तुम्ही म्हणाल. एस्तरला विचारून मांडते आहे. "अम्मापुढे मला बोलता येत नाही, तू बोल," असं तिनेच सांगितलं. घरी मी तीनदा तोंड उघडलं. मी काही म्हणायच्या आत अत्तै डोळे मिटून प्रार्थना सुरू करतात. इथे प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवरून उठून जाता येणार नाही, असा माझा हिशोब. तेव्हा आता हेच मी तमिळमध्ये...

अत्तै, तुम्ही मान डोलवायचं थांबलात. केव्हापासून? एस्तर, साक्षी, डॉक्टर, हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, नाही का? अहो, तुम्ही उठलात का? रागावू नका, बसा ना. माइक हवाय? हा घ्या.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल आणि रडण्यामुळे शब्दही तुटत होते, म्हणून अत्तै काय म्हणाल्या ते मी मराठीत सांगते. त्या म्हणाल्या, "एस्तर झाली तेव्हा मीही साक्षी दिली होती. काय बोलले ते आता आठवत नाही. दार किती लांब आहे ते बघत होते, तेवढं आठवतं. कोणी विचारलं नाही, मग मीही कोणाला विचारलं नाही. रविवारी एस्तर उभी राहणार नाही, आणि बरी होईपर्यंत पापनाशमला जाणार नाही. सिस्टर, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर घरी याल का?"

आणि अक्का चप्पल शोधतायत. बघा, बाईंना निरोप द्यायला जमलो आणि बाई ड्युटीवर निघाल्या!

तेव्हा आभाराचं काम उरकते. हॉल देणाऱ्या मंडळाचे, हा हार ओवणाऱ्या रंजनाचे, घंटी न वाजवता मला बोलू देणाऱ्या तुळजाजीमामांचे मनापासून आभार. सत्कारमूर्ती आणि प्रमुख पाहुण्या दोघीही न जेवता निघाल्या, याचा कोणी राग धरू नये. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, चारचौघांत बोलू नये ते बोलले असेन, तर घरची पोर म्हणून पोटात घाला. दाराजवळ कोण आहे, एक ऑटो थांबवा. मीही येतेच आहे.

अक्का, हार काढू नका, तसाच असू द्या. तुम्हाला असं नटलेलं बघून एस्तर हसली तर हसू दे. नाही हसली, तरी चालेल.