तेविसावा वाटा

— नाही जी, खोदत नाही असं कुठी म्हनलं मी? खोदतो म्हनलं. फावडं हे काय, इथीच आहे. पन पंचनाम्याचा खड्डा आहे साहेब, पाच पंचांच्या सह्या घेऊन बुजवला, तं उघडतानी बी पंच पायजेत का नाही, तुमीच सांगा. मी आपला कोटवार — साहेब आला का दवंडी देनारा, मुडदा सापडला का राखन बसनारा, कागद आला का सही करनारा. एकट्या कोटवारानं खड्डा उघडला अन् उद्या कोनी म्हनलं का सुखरामनंच डुक्कर काढून खाल्लं, तं मंग? म्हनून म्हनतो, बसा. या महूच्या सावलीत बसा. येतीन पंच. सकाळीच घरोघरी निरोप देऊन आलो. — पानी? हौ, तुमची बाटली आहे, पाह्यलं मी. मघा माझी पोरगी लोटा घेऊन आलती, गीता, तं तुमी हात हलवला. चालते जी. बाटलीचं पानी बरं असते.

तुमी बालाघाटचेच ना, चिन्मय साहेब? नाव ऐकलं तवाच म्हनलं, मराठी घर असंन. वडील कचेरीत होते म्हने तुमचे. बरं झालं, नाही तं हिंदीत बोलताना माझं अर्धं खरं तोंडातच राहते. — डुक्कर मारलं हे खरं आहे, त्यात लपवन्यासारखं काही नाही, परमिशन होती. भैयालालच्या बांधीत कळप घुसला. लोंबीत दूध भरून राह्यलं होतं धानाच्या, अन् अर्धी बांधी लोळवून टाकली बदमाशांनी. भैयालालकडं आज्यापासूनची बंदूक आहे, लायसनची. अर्ज केला, किरनापूरले तुमच्या जंगल खात्यात दहा चकरा मारल्या, तवा कागद आला — एक रानडुक्कर मारता येईल. अन् खाली बारीक अक्षरात, खाता येनार नाही, विकता येनार नाही, वाटता येनार नाही, पंचांसमोर चुना टाकून पुरावं. मीच वाचून दाखवला कागद पंचायतीसमोर. सगळे हसले जी. भैयालाल म्हने, सुखराम, हा कागद लिहिनाऱ्यानं कधी क्विंटलभराचं डुक्कर जवळून पाह्यलं आहे का? मी म्हनलं, सरकार आहे, त्यानं काहून पाहावं.

मंग पडलं डुक्कर, पंधरा दिवस झाले आज. पंचनामा झाला. पंच कोन — भैयालाल, सरपंच सीताबाई, प्रेमलाल मास्तर, मी, अन् तुमच्या खात्याचे आधीचे गार्ड साहेब. भला मानूस, बदली झाली त्यांची. ते खड्ड्यापर्यंत नाही येऊ शकले, पायात लचक भरली होती, चौकातल्या हॉटेलातच सही केली त्यांनी. अन् स्वतःचा पाय दुखून राह्यला होता म्हनून जाताना डुकराचा घेऊन गेले, मागचा — काय म्हनलं मी? नाही जी, पाय म्हनजे — जाऊ द्या. निघालं तोंडातून. लिहू नका ते. लिहिलं? बरं.

आता लिहिलंच आहे तं ऐका. पन ऐकीव आहे हे, मी डोळ्यानं काही नाही पाह्यलं. आमच्या टोल्यात, या वस्तीत घरं किती? तेवीस. मागच्या मोजनीले मीच फिरलो मास्तरांसंग. तेवीस घरांनी क्विंटलभराचं जनावर एका दिवसात संपवायचं म्हनलं तं कसं संपंन? दोन मानसांचं घर, अडीच किलो मटन, खाऊन खाऊन किती खाईल? उरतेच. अन् उरलेल्याचं काय करावं हे कागदात कुठी लिहिलंच नाही, कारन कागदापरमानं ते उरायलेच नाही पायजे होतं. मंग ज्याले जसं सुचलं तसं त्यानं केलं. सीताबाईच्या अंगनात दोन दोऱ्यांवर सुकत होतं, हळद-मीठ लावून, अन् वरून साडी वाळू घातलेली — एवढ्या साड्या दिवाळीले बी नाही निघत त्या घरी. कोनी चरबी कढवून शिशीत भरली, गुडघ्याले लावायले. कोनी लोनचं घातलं. भैयालालनं वारासिवनीच्या मेव्हन्याले डबा पाठवला बसनं, ड्रायव्हरले सांगतलं का खीर आहे, आडवा नको करू. — अन् प्रेमलाल मास्तर तं माळकरी मानूस जी, कांदा बी खात नाही चातुर्मासात. त्यांनी आपला वाटा कुत्र्यासाठी नेला. कुत्रं नाही त्यांच्याकडं. पाळनार आहेत म्हने.

फ्रीज टोल्यात तीन. त्यातला एक लसीचा, शेवंताबाईच्या ताब्यातला. ती आमची नर्सबाई, एकटी राहते, अडीच किलोचं काय करंन बिचारी? तिनं वर लिहून पाठवलं का लाईन नाही इथी, लस खराब होऊन राह्यली, घेऊन जा. लस गेली परत. लाईन होती जी, दिवसभर होती. दहा दिवस एकाही लेकराले सुई टोचली नाही टोल्यात, लेकरं बी खूश, अन् फ्रीज बी गच्च. — ऐकीव आहे, म्हनलं ना मघाच. मी तं लस परत न्यायले गेलतो तवा झाकन उघडं दिसलं, एवढंच.

पंच? येतीन जी. येतीन म्हनजे — खरं सांगू का, सीताबाई म्हनल्या का डोकं दुखते. मास्तर ट्रेनिंगले गेले. भैयालालच्या दाराले कुलूप, अन् कुलपाच्या आतून खोकल्याचा आवाज. मी कुठी जाऊ? कोटवार कुठी जाईल? ती पाह्यता का तिकडं, नाल्यापलीकडची साडेतीन एकर, धान उभं आहे, ती माझी. माझी म्हनजे कोटवारीची. नावावर नाही, नोकरीवर आहे. हा छातीवरचा बिल्ला आहे तवर ती जमीन, बिल्ला गेला तं धान कापाले बी उतरू देनार नाही कोनी. पंचनाम्यावर सही पाच जनांची आहे, पन खड्डा खोटा निघाला तं भैयालालची बंदूक नाही जानार, मास्तरांचा पगार नाही जानार. माझी जमीन जाईल. हे मले बी समजते, अन् घरात बसलेल्या तिघाले बी समजते.

तक्रार कोनं केली, मले काय मालूम. निनावी म्हनता ना तुमी? टोल्यातलाच असंन कोनी. पन टोल्यातला काहून करंन, हा बी सवाल आहे. ज्याच्या घरी वाटा गेला त्याच्या तोंडाले दोरी बांधली गेली समजा. त्याच्यासाठीच तं वाटतात जी, नाही तं एवढा प्रेमळ नाही आमचा टोला. बावीस वाटे पळसाच्या पानावर लावले, अन् बावीस घरं गपगार झाली. कुत्र्यासकट, जे अजून आलं नाही. — काय? हौ, बावीस. बावीसच म्हनलं मी.

घरं तेवीस म्हनलं. हौ. ते बी म्हनलं.

हिशेब बरोबर करता तुमी साहेब. वडील कचेरीत होते ना.

बरं. लिहा मंग. ऐकीव नाही हे, कापलं मीच. भैयालालले गोळी मारता येते, जनावर सोडता येत नाही. तेवीस वाटे केले मी या हातांनी, डोळ्याच्या अंदाजानं, पन तराजूत टाकून पाह्यलं असतं तं गुंजभर फरक नसता निघाला. ज्या घरच्या ओसरीवर मी अजून चढत नाही, त्या घरचा वाटा बी याच हातांनी कापला, अन् कोनाले विटाळ झाला नाही त्या दिवशी. उलट म्हनत होते, सुखराम, चरबी जरा इकडं बी टाक. मी नाल्यावर हात धुवाले गेलो. परत आलो तं पानं बावीस. सीताबाईचं पान जरा फुगलेलं दिसलं मले. पाहुने येनार होते म्हने त्यांच्याकडं. मी म्हनलं, असंन काही, माझा वाटा घरी पोहोचवला असंन.

पोहोचवला जी. दिवे लागायच्या वेळेले भैयालालच आला, सीताबाईच्या घरचं टोपलं घेऊन. मुंडकं, तीन खुरं — चौथं गार्ड साहेबांसंग गेलं — अन् पोटातलं. फाटकाबाहेर ठेवलं अन् म्हने, सुखराम, हे तुह्या हक्काचं, आधीपासूनची रीत आहे, राग नको मानू. पाचवीपर्यंत एका बाकावर बसलो आमी दोघं. माझा आजा छप्पन साली नागपूरले गेलता दीक्षेले, अन् परत येऊन पाटलाच्या दारात उभा राह्यला, म्हने, आजपासून तुमचं मेलेलं ढोर ओढनार नाही अन् तुमचं उरलंसुरलं खानार नाही. दोन साल कोनी मजुरीले बोलावलं नाही त्याले. जंगलातले कंद खाऊन राह्यला, पन ओढलं नाही. अन् त्याच्या नातवाच्या फाटकाशी टोपलं. — लागलं मले. लय लागलं जी. गीतानं पाह्यलं, आत जाऊन दार लावून घेतलं तिनं. त्या दाराचा आवाज अजून कानात आहे माझ्या.

टोपलं उचललं, इथी आलो, अन् पुरलं. कागदात लिहिलं होतं तसंच, हातभर माती, वरून चुना. सगळ्या टोल्यात सरकारचा हुकूम पाळला तो मी एकट्यानं. म्हनून म्हनतो साहेब, हा खड्डा खोटा नाही. बाकीचं डुक्कर खोटं असंन, पन माझा वाटा नियमानं पुरलेला आहे.

— नाही जी, गीताले नका मधी आनू. तिचा काही संबंध नाही. तिनं फक्त टाइप केलं. मी बोललो अन् तिनं — हे बघा, तो तक्रारीचा कागद ठेवा खिशात. ठेवा. मी आता काहीच बोलत नाही.

फोन वाजून राह्यला तुमचा. घ्या. मी उठतो बाजूले.

सीताबाई होत्या ना? आवाज बाहेर येऊन राह्यला होता. डोकं दुखाचं थांबलं वाटते त्यांचं. — दुपारचं जेवन तिथीच आहे तुमचं, हे मले सकाळीच समजलं, पत्रावळी आनाले मलेच पाठवलं होतं. मटन केलं म्हनल्या? बकऱ्याचं? बरं. या महिन्यात टोल्यात बकरा कापला नाही कोनी, कापला असता तं मले बोलावलं असतं.

हे काय आहे? लिहूनच आनलं होतं का तुमी हे? — "खड्डा पंचांसमक्ष उघडला, जनावर जागेवर आढळलं, तक्रारीत तथ्य नाही." अन् खाली पाच रकाने, चार भरलेले. मास्तरांची सही बी आहे, ट्रेनिंगवरून. भैयालालची आहे. बदली झालेल्या गार्ड साहेबांची बी आहे. मंग मी इथी बसून घंटाभर कोनाले सांगत होतो जी? — हौ, समजते मले. माझ्या भल्याचं आहे. सही केली तं जमीन राहते, बिल्ला राहते, गीताचं नाव निघत नाही, तुमाले जेवाले उशीर होत नाही. सगळ्यांच्या भल्याचं आहे. मीच एवढा मोठा झालो का सगळ्यांचं भलं बिघडवू.

फावडं द्या जी इकडं. नाही, पेन नको. फावडं. — तुमी म्हनाल, आज्यानं ओढनं सोडलं अन् हा परत काहून हात लावते. ओढनं सोडलं त्यानं. ज्याचं आहे त्याले परत नेऊन देनं, हे सोडायले नव्हतं सांगतलं कोनी. पंधरा दिवसांचं आहे, वास येईल थोडा, पन मुंडकं कुठी जात नाही, सुळे तं वितीएवढे होते. टोपलं बी तेच आहे, सीताबाईच्याच घरचं, ठेवून घेतलं होतं मी. पंगतीच्या मधोमध ठेवतो, म्हनजे पंचांसमोरच होईल, अन् तुमाले बी सही करायले खोटं नाही लिहावं लागनार.

निघा तुमी, चिन्मय साहेब. जेवन थंड होते. मी आलोच.