गोळी सुटल्यावर मान उचलायची नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नेमबाजी मंडळाचे प्रमुख माननीय माऊलीभाऊ गराडे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती निवृत्त हवालदार श्रीपती भोईटे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकी, व्यासपीठावरील इतर मान्यवर, टाकव्याहून, देहूरोडहून आणि थेट बेगडेवाडीहून सकाळची गाडी धरून लोणावळ्यात आलेले पालक, मंडळाची मुलं-मुली, आणि मागे चहाच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी शालन मारुती असवले. मंडळाचा जमाखर्च मी लिहिते, त्यामुळे तुम्ही मला ओळखता. वर्गणी मागायला आली की दार लावून घेता, इतकं चांगलं ओळखता. भाषणाची मला सवय नाही. दहावीच्या निरोप समारंभात चार ओळी बोलले होते, त्यानंतर आजच. तेव्हा सांभाळून घ्या.

आधीच एक सांगून टाकते. माझा फोन या पिशवीत आहे आणि त्याचा आवाज मी बंद केला आहे. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी सृष्टी या घडीला पुण्यात राज्याच्या निवड चाचणीत आडवी पडून गोळ्या मारते आहे. हॉल आधीच ठरलेला, चाचणीची तारीख नंतर पुढे सरकली, आणि सर तर उद्या सकाळी साताऱ्याकडे गावी निघणार. मी म्हटलं, ‘सर, समारंभ राहू द्या, तुम्ही तिच्यासोबत जा.’ तर म्हणाले, ‘मी मागं उभा ऱ्हायलो तर ती टार्गेट सोडून माज्याकडं बगंल. तिच्या बापाला धाडा. त्याला त्यातलं काय बी कळत न्हाई, त्येच बरं हाय.’

म्हणून आमचे हे तिकडे आहेत आणि मी इथे.

सरांबद्दल बोलायचं तर शिस्तीबद्दल बोलावं, वक्तशीरपणाबद्दल बोलावं, असं मला सांगण्यात आलं. ते सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी फार छान सांगितलं. मी एका सकाळची गोष्ट सांगते. त्या सकाळीही मी अशीच दुसऱ्याच्या गोळीची वाट बघत उभी होते, म्हणून ती आठवते.

उन्हाळ्यातल्या निवडीत सृष्टी मागे पडली होती. मंडळाची जुनी पॉइंट टू टू रायफल, तिची नळी झिजलेली. सगळे म्हणाले, रायफलच म्हातारी, पोर काय करणार? मग नवी घ्यायचं ठरलं. ती कशी घेतली, कुणाकुणाचा हात लागला, तो हिशोब आज काढत नाही. ज्यांनी लावला त्यांना इथूनच नमस्कार. पण मंडळी, नवी वस्तू घरात आली की जुनी सबब घराबाहेर जाते. हे मला तेव्हा सुचलं नाही. सृष्टीला सुचलं होतं. नव्या रायफलीच्या पेटीकडे ती सासरी निघालेल्या मुलीसारखी बघत होती.

रायफल आली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. एकही गोळी सुटायच्या आत ती पूजेला लागली. पाटावर लाल कापड, झेंडूची माळ, हळदकुंकू. पूजा सरांनी स्वतः केली. पलटणीत इतकी वर्षं हत्यारं पुजलेला माणूस, अक्षता वाहिल्या त्या ओंजळीने. मी म्हटलं, ‘सर, अहो, तांदूळ किती!’ तर म्हणाले, ‘शालूताई, हत्यार पुजताना हात आखडायचा नसतो.’ मी ताट पुढे केलं. नंतर पाटाखालचे दाणे वेचून चिमण्यांना घातले, ही गोष्ट वेगळी.

दसरा झाला आणि रायफलीची चाचणी सुरू झाली. रायफल खरी आहे की नाही हे कसं बघतात, ते नवीन पालकांसाठी सांगते. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची, पन्नास मीटरवरच्या कागदावर एकाच ठिकाणी नेम धरायचा आणि पाच गोळ्या मारायच्या. भोकं एकात एक पडली, करंगळीच्या टोकाखाली झाकली गेली, तर रायफल खरी. ती भोकं मधोमध नसली तरी चालतं, नेम धरायची साइट फिरवून जागा बदलता येते. पण पांगलेली भोकं गोळा करता येत नाहीत. त्या वाळूच्या पिशव्या मी शिवल्यात, ह्यांच्या जुन्या पँटींच्या पायांच्या. वाळू चाळली ती पिठाच्या चाळणीने. ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात गेलेली नाही, हे जाहीर सांगते, नाहीतर उद्यापासून माझ्याकडची भाकरी कुणी खाणार नाही.

तर, भोकं पांगली. दोन एकात एक, तिसरं वर, चौथं भलतीकडे. काडतुसं बदलून पाहिली, तरी तेच. सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ते मारू शकत नव्हते. बाकीची मुलं छऱ्याच्या रायफलीवर. म्हणजे रायफलीमागे एकटी सृष्टी. सर म्हणाले, ‘श्वास सुटतोय तुजा.’ तिने श्वास धरला. ‘खांदा हलतोय.’ तिने खांदा धरला. भोकं पांगायची ती पांगतच राहिली. पोर पुन्हा काडतूस भरायची. आणि माऊलीभाऊ, रागावू नका, पण आवारात तुम्ही म्हणालात, ‘पोरीचा हातच गेला असंल तर रायफल ठिवून काय लोणचं घालायचं व्हय?’ आणि विकणाऱ्याला फोन लावलात. आज हसताय, त्या दिवशी हसत नव्हता.

रात्री भाकऱ्या थापत होते, तर सृष्टी ओट्याला टेकून म्हणाली, ‘आई, रायफल चांगली निघाली ना, तर मी सोडणार.’

‘काय सोडणार?’

‘सगळंच.’

आता मला सांगा, आईने काय करावं? मी एकवीरा आईसमोर दिवा लावला आणि म्हटलं, ‘आई, रायफल खोटी निघू दे.’ गावाने घेतलेली वस्तू! आयुष्यात फुटकं मडकं दुकानदाराला परत केल्याशिवाय राहिले नाही मी, आणि हात जोडून मागतेय काय, तर नवी रायफल फुटकी निघू दे. पण ती खरी निघाली तर पोरगी खोटी ठरणार होती.

ती सकाळ उजाडली. विकणाऱ्याचा माणूस पेटी न्यायला टाकव्याच्या रेंजवर हजर. सर त्याला म्हणाले, ‘नेण्याआधी एकदा शिकंज्यात लावू. माणसाचा हातच नको मधी.’ लोखंडी शिकंज्यात रायफल आवळली. पहिली गोळी. सर दुर्बिणीला डोळा लावून. दुसरी. ‘एकात एक,’ सर म्हणाले. माझ्या शेजारी सृष्टी उभी होती, तिने माझा पदर धरला. या वयात! तिसरी सुटली. सरांनी दुर्बीण पुन्हा नीट लावली. मी मनात आईचं नाव घेत होते. चौथी. सरांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

‘पांगली,’ म्हणाले.

सृष्टीने पदर सोडला. ‘म्हणजे मी नव्हते,’ इतकंच म्हणाली. मला देवी पावली होती, पण आनंद पुरता गिळायच्या आत तो विकणाऱ्याचा माणूस पेटीचं झाकण उघडत म्हणाला, ‘नेतो मग. बदली यायला उन्हाळा उजाडेल, मॅडम.’ उन्हाळा! आणि निवड चाचणी तर तोंडावर. जुनी रायफल नळी काढून दुरुस्तीला गेलेली. मी पोरीचा हात वाचव म्हणून मागितलं आणि देवीने हत्यारच काढून घेतलं. मागताना नीट मागावं, हे मी तेव्हा शिकले.

‘थांबा,’ सर म्हणाले. ‘कागदाची पट्टी हाय का कुणाकडं?’

माझ्या पिशवीत वाण्याच्या पुडीचा कागद असतोच. त्याची पट्टी फाडून दिली. या रायफलीत नळी आणि खालचं लाकूड यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. नळी लाकडाला कुठेच टेकता कामा नये, टेकली की प्रत्येक गोळीला तिचं मन बदलतं. सरांनी पट्टी फटीत घातली आणि मागे सरकवू लागले. अर्ध्यावर पट्टी अडली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. तिथेच अडली. माऊलीभाऊ म्हणाले, ‘कंपनीचा माल कच्चा हाय, दुसरं काय!’ सरांनी शिकंजा सैल केला. रायफल उतरवली, खालचे स्क्रू सोडवले, लाकूड अलगद उचललं.

आत एक तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, दाबून चपटा झालेला.

सगळे वाकून बघू लागले. तो विकणाऱ्याचा माणूसही वाकला. सगळ्यांना ती ओंजळ आठवली असणार. सर ठरवते तर म्हणाले असते, कचरा होता, काढला. फुंकर मारून मोकळे झाले असते. कोण विचारणार होतं? पण त्यांनी तो दाणा तळहातावर घेतला, सृष्टीपुढे आले आणि सावधान उभे राहिले. सत्तरीला आलेला माणूस एका कॉलेजच्या पोरीपुढे सावधान उभा. म्हणाले, ‘ही माजी अक्षता हाय. तुजा श्वास बरोबर व्हता. तुजा खांदा बरोबर व्हता. मी चुकीचं बोललो.’

सृष्टी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, ‘सर, आधी ती जोडा. बघू.’

जोडली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. पुन्हा शिकंजा, पुन्हा पाच गोळ्या. सरांनी कागद आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘झाका करंगळीनं.’ मी झाकली, शालूबाईच्या भाकऱ्या थापणाऱ्या करंगळीखाली पाचही भोकं गेली.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. नाही हो. आता रायफल खरी ठरली होती! पोरीने ओट्यापाशी काय सांगितलं होतं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सर म्हणाले, ‘सृष्टी, आता तू.’ ती चटईवर आडवी पडली. आता मी देवीकडे काय मागू? रायफल खोटी निघू दे म्हणायची सोय नाही. काहीच मागितलं नाही. नुसतं बघत राहिले.

पहिली गोळी सुटली आणि तिने मान उचलली, कुठे लागली बघायला. सर कडाडले, ‘मान खाली! गोळी सुटली म्हंजी काम संपलं न्हाई. ती पोचूस्तवर तिच्यासंगं ऱ्हायाचं. कुटं लागली त्ये बगायचं काम माजं.’ तिने मान खाली घातली. मग उरलेल्या चार गोळ्या तिने मान न उचलता मारल्या. शेवटची सुटल्यावरही तशीच पडून राहिली, गाल लाकडाला लावून. मला वाटलं पोर झोपली की काय!

चार एकात एक होत्या. एक, मान उचललेली ती, बाहेर होती. बस, तेवढीच.

विकणाऱ्याचा माणूस पेटी आमच्याकडेच ठेवून चहाला थांबला आणि जाताना म्हणाला, ‘साहेब, तांदूळ वॉरंटीत बसत नाही हं.’ तेव्हा सर पहिल्यांदा हसले. घरी येताना टेम्पोत मी सृष्टीला विचारलं, ‘सोडणार ना मग?’ तर म्हणाली, ‘आई, गप गं.’

सर, तुमच्यामुळे मंडळाला किती पदकं मिळाली ते फलकावर लिहिलेलं आहे. मला मात्र तळहातावरचा तो दाणा दिसतो. मुलांच्या चुका दाखवणारे खूप भेटतात. स्वतःची चूक उचलून, तिचा मान राखून, लहानापुढे ठेवणारा मला एकच भेटला. पुढच्या खंडेनवमीला पूजा माझ्याकडे आहे, फुलं पाटावर, अक्षता पाटाखाली, ताटात. हा ठराव मंडळात मंजूर करून घेते आणि तुम्हाला गावी कळवते.

काकी, तुम्ही इतकी वर्षं सरांचा डबा रेंजवर पाठवलात आणि त्यातली अर्धी भाजी आमच्या मुलांनी खाल्ली. त्याचे आभार कुणी मानले नव्हते, मी मानते.

थांबा. पिशवीत थरथरतोय. हो, फोनच.

बघा, अध्यक्षसुद्धा माझ्या पिशवीकडे बघायला लागले. माऊलीभाऊ, मान खाली! … सर काय म्हणताहेत? मागच्यांना ऐकू आलं नसेल. सर म्हणताहेत, ‘शालूताई, पोचूस्तवर ऱ्हावा.’

राहते, सर. थरथरू दे त्याला. पोरीचा शेवटचा नेम सुटलेला असणार. तो जिथे लागायचा तिथे लागला. तो इथून मला हलवता येत नाही.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलायची संधी दिली, हॉलवाल्यांनी भाड्यात सूट दिली, मैत्रिणींनी साखर जपून वापरली, सगळ्यांची मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, भाऊंना दोन शब्द जास्त लागले असतील, तर घरातली बाई बोलली असं समजून पदरात घ्या.

आता सरांचं औक्षण करते. ताटात अक्षता आहेत, मोजक्याच. आधी त्या सरांच्या डोक्यावर नीट पडू देत. मग फोन घेते.