पंगतीतलं 'बास'

नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? अख्ख्या रेणापुरात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही मी, आणि गुन्हा काय, तर लोक जे बोलले ते खरं मानलं! बास म्हटल्यावर थांबलो! चिपा तरी थांबतात हो!

थांबा, आधी चिपांचं सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. मी हरिओम. बेंगळुरात नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आमचे शेषेराव काका दर फोनला विचारतात, "हरी, तू तिथं नेमकं काय करायलास रे?" मी सांगतो, काका, यंत्रातल्या एका पाटीवर दोन चिपा असतात, मध्ये चार बोटं अंतर, एक चिप दुसरीला डेटाची पुडकी, म्हणजे पॅकेट, धाडते, पापणी लवायच्या आत कोट्यवधी... तर त्या चार बोटांतली वाट मी सांभाळतो. काका म्हणतात, "चार बोटं? अन् त्याच्यासाठी बीई केलास?"

पण त्या चार बोटांत शिस्त कसली, तुम्हाला सांगतो! घेणाऱ्या चिपेचं पोट लहान. ते भरत आलं की ती उलटा निरोप धाडते, थांब. तेही जरा आधीच, कारण वाटेत निघालेलं पॅकेट येऊन पडणारच ना! देणारी थांबते. रुसवा नाही, आग्रह नाही, 'माझ्या हातचं एक' नाही! थांबतात हो चिपा!

आणि आपल्या पंगती? ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तिथं पत्रावळीवर जिलब्यांचा ढीग सोडून लोक हात धुवायला उठतात! डोकं फिरतं माझं. म्हणून काकांच्या ऋतुजाचं लग्न ठरलं तेव्हा पंगत मी स्वतः मागून घेतली. वाढणाऱ्या पोरांना, दयानंद त्यांचा म्होरक्या, मांडवात उभं करून शिकवलं: तुम्ही देणारी चिप, जेवणारा घेणारी चिप. हात आडवा झाला, बास म्हटलं, की पुढं! दयानंद डोकं खाजवत म्हणाला, "अन् पाव्हणा उगंच म्हणत असला तर?" मी म्हटलं, उगंच कशाला म्हणेल? माणूस स्वतःच्या पोटाबद्दल खोटं बोलतो का?

...हसू नका!

कंधारहून वऱ्हाड आलं. अक्षता पडायच्या होत्या अजून, पहिली पंगत नवरदेवाकडची. मधोमध व्याही वैजनाथराव, फेटा, मिशा, देह असा की समोर दोन पत्रावळी मांडाव्यात. दयानंदनं पहिली जिलबी टेकवली. वैजनाथराव नव्या नवरीसारखे लाजत म्हणाले, "बास, बास..." दयानंद पुढं. पुरी आली. "नको, नको..." पुढं! भाजी, भात, मठ्ठा... अख्ख्या पंगतीचे हात रिवाजाप्रमाणे आडवे, अन् माझी पोरं मोकळ्या पत्रावळींवरून भुर्र! मी कोपऱ्यात छाती फुगवून उभा. काय वेग! सांडलवंड शून्य!

मग वैजनाथराव उठले. "शेषेराव! एका जिलबीसाठी कंधारहून आलाव का आमी? हितं ही तऱ्हा, तर पुढं मानपान काय करताव? उठा रे समदे! गाड्या काढा!"

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मीच पुढं झालो. म्हटलं, पाव्हणं, तुम्हीच बास म्हणालात...

"मंग काय 'वाढा' म्हणू? भिकारी हाव का आमी?"

मुंडावळ्या बांधलेली ऋतुजा दारातून ओरडली, "हरीदादा, आग लागो तुझ्या चिपेला! माझं लग्न मोडायलास तू!"

आता आल्या गौरम्मा मावशी. ऋतुजाच्या आईची थोरली बहीण, उदगीरकडची. मी त्यांना घेणाऱ्या चिपेचं पोट समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. मी जागीच गप्प... बघा, मला तरी कळतं! मावशींनी पदर खोचला, दयानंदच्या हातची जिलबीची बादली हिसकावली, आणि गाडीकडं निघालेल्या व्याह्यांना आडव्या गेल्या. "खायाचं न्हाई? कसं खायाचं न्हाई बघते! भाऊ, माझी आण हाय!" व्याही 'नको' म्हणायला तोंड उघडायचे, मावशी तिथं जिलबी कोंबायच्या. "बास!" जिलबी. "मेलो बाई!" जिलबी. शेवटी मिशांतून पाक गळायला लागला, तेव्हा गडी हसला आणि फेटा सावरत पंगतीत परत बसला. "हाव! याला म्हणतेत पाव्हणचार!"

अक्षता पडल्या. जिलबीही नेहमीइतकीच उकिरड्यावर पडली.

पार शेवटी मी जेवायला बसलो. सकाळपासून पोटात कण नव्हता. दयानंदनं वाफाळत्या वांग्याच्या भाजीचं ओगराळं पुढं केलं... आणि काय सांगू तुम्हाला, घरचं वळण! माझाच हात आडवा गेला. तोंडातून निघालं, "बास, बास..."

मावशी पाठवणीत गुंतलेल्या. दयानंदनं माझ्याकडं बघितलं, शिकवल्याप्रमाणे मान डोलावली... आणि पुढं गेला. मागून पुरीवाला, तोही पुढं. भात पुढं. जिलबी पुढं.

थांबतात हो, माणसंही थांबतात! मी पत्रावळीवरचं मीठ बोटानं चाटलं... बरं होतं चवीला.