आंब्याचा जामीन

(पवित्र शनिवारची दुपार. फिलिपिन्समधल्या सोर्सोगोनमधलं एक परसू. आंब्याखाली ओल्या पेंढ्याची धुरी धुमसते आहे; वरून भुरभुर पाऊस.)

लुसिंग : आणि मी नाही म्हटलं तर?

बेनिंग : तर झाडाला जामीन राहायला कुणी नाही, कुमारे. पोन्सो कोयता उगारेल आणि अडवणारं माणूस नसेल.

लुसिंग : बरंच की मग. सोमवारी करवतवाला येणारच आहे म्हणे. त्याचं निम्मं काम आज होऊन जाईल.

बेनिंग : तुला कुणी सांगितलं करवतवाल्याचं?

लुसिंग : तुझ्या नवऱ्यानंच. घरात मुका असतो, पण कुंपणापाशी आला की देवळात शास्त्रपाठ वाचायला उभा राहिल्यासारखा घडाघडा बोलतो.

पोन्सो : मी इथंच उभा आहे.

लुसिंग : म्हणून तर मोठ्यानं बोलतेय, कुम्पारे.

पोन्सो : पिलीच्या झाडांच्या बिया वाळवायला मला जागा नाही. आपल्याकडे ऊन येतं ते पाहुण्यासारखं. ह्या कोपऱ्यात येतं, झाडाच्या डोक्यावर बसतं आणि तिथूनच परत जातं. झाड गेलं की मचाण घालीन.

बेनिंग : आपलं बोलणं झालंय ना, पोन्सो? झाड कबूल झालं तर वर्षभर करवतीचं नाव नाही.

पोन्सो : झालंय. झाड कबूल झालं तर.

लुसिंग : आणि झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं कुणी? मी. राखेच्या बुधवारापासून जिच्या चादरींना धुरी मिळतेय, ती मी. उपास तुमचा आणि वास माझ्या घरात. परवा नवरा म्हणाला, उशीवर डोकं टेकलं की भाजलेल्या माशाशेजारी झोपल्यासारखं वाटतं.

बेनिंग : वारा काही माझ्या हातात नाही गं.

लुसिंग : पेंढा तर आहे? आणि हे बघ, तुझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला मी त्याची धर्ममाता झाले, म्हणून तुमची कुमारे. ह्या झाडाची नाही झाले. लावलंस तेव्हा पोराचे दुधाचे दात पडत होते. आता त्याला मिशी फुटली. मिशीला काही धुरी द्यावी लागली नाही.

बेनिंग : मिशी पावसात धुऊन जात नाही. मोहोर जातो.

लुसिंग : मोहोर आला तर जाईल ना.

पोन्सो : बाई खरं बोलते.

बेनिंग : तू कोयत्याला धार लाव.

पोन्सो : लावलीय.

लुसिंग : पण तूच का नाही बोलत झाडाच्या वतीनं? तुझ्याइतकं त्याच्याशी कोण बोलतं? सकाळी जपमाळ संपली की आधी त्याची विचारपूस, मग कोंबड्यांची, मग ह्या गरिबाची.

पोन्सो : माझी रोज नसते.

बेनिंग : मालकानं दम द्यायचा आणि मालकिणीनंच मध्ये पडायचं, हे झाड तरी खरं मानेल का? जामीन परका लागतो. पोन्सोच्या लोलोनं, आजोबानं, फणसाला दम दिला होता, तेव्हा जामीन राहिला तो बांधाचं भांडण असलेला शेजारी. ज्याला झाडाची माया नाही त्याच्या शब्दाला वजन असतं.

पोन्सो : पुढल्या वर्षी इतके फणस लागले की डुकरांनीसुद्धा तोंड फिरवलं.

लुसिंग : मग ह्या कामाला अख्ख्या गावात माझ्याइतकं लायक कुणी नाही.

बेनिंग : तेच म्हणतेय मी.

लुसिंग : आणि जामिनाला काय मिळतं?

बेनिंग : पहिलं फळ.

लुसिंग : आणि तुझा नवस? पहिला आंबा मी खायचा, आणि तू?

बेनिंग : मी दुसरा खाईन. ह्या झाडाचा आंबा खाईपर्यंत दुसरा कुठला खाणार नाही, असं बोलले होते. पहिलाच खाईन असं काही देवाला सांगितलं नव्हतं.

लुसिंग : बघा, नवसातसुद्धा खिडकी उघडी ठेवते ही. बरं, चला. चुलीवर नारळाच्या दुधात रताळी टाकून आलेय, तळाला लागतील. काय बोलायचं मी?

बेनिंग : खोडाच्या मागं उभी राहा. पोन्सो विचारेल, फळ देतोस की तोडू? तू म्हणायचं, तोडू नका, पुढल्या वर्षी देतो. असं तीनदा. मग तो कोयत्याचा एकच घाव हलक्या हातानं सालीवर घालेल. एवढंच. देवळातल्या घंटा मुक्या आहेत तोवर उरकायचं. आज रात्री ग्लोरियाच्या स्तोत्राला त्या वाजायला लागल्या की झाडं ऐकत नाहीत.

लुसिंग : आणि धूर माझ्या डोळ्यात.

बेनिंग : त्यानं रडू येईल. बरं दिसेल.

लुसिंग : उभी राहिले. विचार बाबा.

पोन्सो : अं… आंब्या. फळ देतोस, की… म्हणजे, तोडू का?

लुसिंग : हा दम झाला? बाजारात मासेवालीशी तू ह्याहून चढ्या आवाजात बोलतोस.

बेनिंग : पोन्सो, मनापासून विचार. सोमवारी करवत चालवणार आहेस तोच तू ना?

पोन्सो : आंब्या. फळ देतोस की तोडू?

लुसिंग : देणार होतो, मालक. दरवर्षी ठरवतो.

बेनिंग : असं नाही गं. ‘तोडू नका’ म्हण.

लुसिंग : मी झाड आहे. झाडाला मध्येच तोडू नकोस. हं, तर मालक, दरवर्षी ठरवतो. ईशान्येचा ॲमिहान वारा थांबतो, पाऊस जरा हात आखडता घेतो, मालकीण खालून धूर घालते. डोळे चुरचुरतात, जीव घाबरा होतो. म्हणतो, आता आपलं काही खरं नाही, मरायच्या आत चार फळं धरावीत. आणि असं मन घट्ट करतो न करतो तोच कुणीतरी येऊन पायाशी ताट वाढून जातं.

पोन्सो : कुमारे, रताळी लागतील.

लुसिंग : लागू देत. झाडाला रताळ्यांचं काय? तर ताट वाढलं जातं. रेड्याचं शेण, चांगलं मुरलेलं. मासे धुतलेलं पाणी. मागल्या वर्षी तर भाताला घालतात ते खताचे पांढरे दाणे, ओंजळभर. मालकीण बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली की माझी पंगत. आता समोर एवढं वाढलेलं असताना मरणाची भीती कुणाला वाटेल? मी आपली नवी पानं काढतो.

बेनिंग : कोण वाढतं?

लुसिंग : झाडाला डोळे नसतात. लुसिंगला असतात, पण ती आत्ता इथं नाही.

बेनिंग : पोन्सो?

पोन्सो : विचारायचं राहिलं ना दोनदा. विचारतो.

बेनिंग : आधी मी विचारते. माझ्या झाडाला खायला कोण घालतं?

पोन्सो : शेण काय, रेडा कुठंही टाकतो.

बेनिंग : रेडा नदीपलीकडे बांधलेला असतो. आणि तो मासे धूत नाही.

लुसिंग : पांढरे दाणेही विकत घेत नाही.

बेनिंग : हे पान बघ. मुठीत चुरगाळलं तर कुरकुर वाजायला हवं, तेव्हा धुरी लागू पडते. माझ्या माहेरी, गिमारासला, आई हेच बघायची. आणि हे? हे रुमालासारखं घडी होतंय. दरवर्षी असंच. मला वाटायचं, पावसानं. पावसाला किती बोल लावले मी मनातल्या मनात, आणि मग शनिवारी जाऊन फादरपुढे कबुलीही दिली.

पोन्सो : मला वाटलं उपाशी आहे ते.

बेनिंग : उपाशीच ठेवत होते मी त्याला.

पोन्सो : तेच. तू त्याला नुसता धूर द्यायचीस. धुरानं कुणाचं पोट भरतं?

बेनिंग : अरे, आंब्याचं पोट भरलं की तो पानं काढत बसतो. फळ धरतो ते तहानेनं, भीतीनं. गिमारासला ऊनच त्याला वठणीवर आणतं. इथं ऊन नाही म्हणून धूर. मुळाशी पाणी थांबू नये म्हणून एवढा चर खणला मी, कंबर मोडली माझी.

पोन्सो : चर चांगला होता. शेण वाहून जायचं नाही त्यात.

लुसिंग : देवा. हसू नको म्हटलं तरी येतंय.

बेनिंग : हस तू. धुरात कळत नाही.

लुसिंग : पण मला एक सांग, कुम्पारे. इतकं भरवलंस, मग आता तोडायला का निघालास? पिलीचं कारण नको सांगू. दोन वर्षं तू पिली सालीसकट ओलीच व्यापाऱ्याच्या गाडीत चढवतोस. मचाण घालून काय, कोंबड्या वाळवणार?

पोन्सो : सगळं कुंपणावरून दिसतं का गं तुला?

लुसिंग : कुंपण ठेंगणं आहे. आणि मी रिकामी.

बेनिंग : पोन्सो. मी ऐकतेय.

पोन्सो : फादरना विचारलं होतं मी.

बेनिंग : काय?

पोन्सो : झाडच राहिलं नाही तर नवस राहतो का? ते म्हणाले, नाही. जी गोष्ट होणंच शक्य नाही, तिची अट देव धरून ठेवत नाही. म्हटलं, मग सोपं आहे.

लुसिंग : अरे बाबा.

पोन्सो : मे महिन्यात तुझ्या बहिणीनं, ओनिंगनं, गिमारासहून आंब्यांची करंडी पाठवली. तू उघडलीस. एकेक आंबा नाकाशी धरलास आणि वाटून टाकलास. ह्यांना चार, त्यांना चार. साली गोळा करतानासुद्धा बोट तोंडाशी नेलं नाहीस. माझा मी इथं येऊन खाल्ला, झाडामागं. तू बघू नयेस म्हणून.

बेनिंग : मला वास आला होता.

पोन्सो : गोड नाही लागला.

बेनिंग : आंबट निघाला असेल.

पोन्सो : आंबट नव्हता, बेनिंग.

लुसिंग : रताळी लागली बहुतेक. लागू देत.

बेनिंग : म्हणजे माझा नवस सुटावा म्हणून आधी तू झाडाला खायला घातलंस.

पोन्सो : हो.

बेनिंग : त्या खाण्यानंच ते अडलं. म्हणून मग करवतवाला.

पोन्सो : क्रम तसाच आहे, हो.

लुसिंग : असा नवरा असल्यावर वाळवी कशाला लागते झाडाला?

बेनिंग : मला एका शब्दानं विचारायचं होतंस.

पोन्सो : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. नवसाच्या गोष्टीत तुझ्यापुढे माझं चालतं कधी?

बेनिंग : नाही चालत.

पोन्सो : मग.

बेनिंग : पोन्सो, मला आंब्याची हाव होती म्हणून मी तो सोडला नव्हता. ह्या चिखलात लग्न होऊन आले तेव्हा तुझी आई म्हणाली होती, कोरड्या मातीचं इथं काही रुजायचं नाही. ते मनात राहिलं होतं, म्हणून पुढं वाटलं, एक तरी गोष्ट लावून बघू. थांबून बघू. मला थांबायचा त्रास झाला नाही रे. तुला झाला.

पोन्सो : झाला खरा.

लुसिंग : तुमचं होऊ दे निवांत, पण माझ्या डोळ्यांचं पाणी थांबत नाहीये आणि ते सगळंच धुराचं नाही. कोयता आहे हातात तोवर विचार बाबा दुसऱ्यांदा.

पोन्सो : विचारू, बेनिंग?

बेनिंग : विचार. ह्या वेळी नीट विचार.

पोन्सो : आंब्या. फळ देतोस की तोडू?

लुसिंग : माझ्या अटी आहेत.

बेनिंग : झाडाच्या अटी नसतात, कुमारे.

लुसिंग : जामिनाच्या असतात. एक, शेण बंद. पांढरे दाणे, माशाचं पाणी, सगळं बंद. मालक कितीही कळवळला तरी.

पोन्सो : बरं.

लुसिंग : चर रिकामा करायचा, आजच. आणि धुरी वारा नदीकडे असेल तेव्हाच. नाहीतर माझ्या चादरी उतरवून आत न्यायच्या, कुम्पारेनं, स्वतः.

पोन्सो : घड्या घालून?

लुसिंग : घड्या घालून.

बेनिंग : कबूल. आता म्हण.

लुसिंग : तोडू नका. पुढल्या वर्षी देतो.

पोन्सो : फळ देतोस की तोडू?

लुसिंग : तोडू नका, मालक. देतो. लुसिंग जामीन आहे, आणि तिला ह्या मातीत कुणी खोटं पाडलेलं नाही.

बेनिंग : आता घाव. हलक्या हातानं.

पोन्सो : इथं?

बेनिंग : जरा वर. हं.

पोन्सो : घातला.

बेनिंग : खोल गेला का?

पोन्सो : चीक आला.

बेनिंग : येऊ दे. पुसू नकोस.

पोन्सो : पुसत नव्हतो.

लुसिंग : पुसत होतास. चला, मी निघते. उरलीसुरली रताळी वाटीत पाठवते, करपलेली आहेत म्हणून नावं ठेवायची नाहीत. आणि करवतवाल्याला काय सांगणार आहेस?

पोन्सो : काय सांगू?

लुसिंग : सांग, झाड बोललं. सोर्सोगोनमध्ये ह्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

बेनिंग : सांभाळून जा, पायरीवर शेवाळ आहे. पोन्सो, पेंढा हलव जरा, जाळ धरायला बघतोय. जाळ नको, नुसता धूर.

पोन्सो : हलवतो. बेनिंग…

बेनिंग : हं?

पोन्सो : मग वर्षभर मी करायचं काय ह्याचं?

बेनिंग : काही नाही.

पोन्सो : काहीच नाही?

बेनिंग : तेच अवघड आहे. तुझाही नवस समज.

पोन्सो : नुसतं जवळ जाऊन उभं राहिलं तर चालेल?

बेनिंग : चालेल की. रिकाम्या हातांनी जा.