बहात्तर ठोके

सात नंबरचे मामा उठून घरी गेले, तर दवाखान्यात पुढचा नंबर आठ नंबरच्या बाईंचाच होता. म्हणून त्या शेजारी बसलेल्या मामा-भाचीचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“मामा, बोट हलवू नका. माझा सेन्सर आपल्याच दिव्याचा बोटातून येणारा उजेड मोजून नाडी सांगतो.”

“किती?”

“बहात्तर.”

“झकास. चल घरी.”

“अहो, डॉक्टरांना तरी दाखवा.”

“मग तू पाच वर्षं प्रयोगशाळेत काय माश्या मारल्यास?”

“उजेड टिपणाऱ्या पेरोव्स्काइटच्या थरावर सेंद्रिय अर्धवाहकाचा थर चढवला. आधी हा सेन्सर मिट्ट अंधारातही उजेड दिसतो म्हणायचा. आता नाही म्हणत.”

“म्हणजे सुधारला. चल.”

मामा उठलेसुद्धा.

“थांबा. तुम्ही बोट काढलंत?”

“केव्हाच.”

“हा अजून बहात्तरच दाखवतोय.”

“खुर्चीचीही तब्येत ठणठणीत दिसते.”

“मामा, परवा परीक्षकांपुढे असं झालं, तर माझी पीएचडी गेली!”

आठ नंबरच्या बाईंनी डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि उसासा टाकून त्या म्हणाल्या,

“अगं, वरची ट्यूब मघापासून लुकलुकतेय. तिचीच नाडी मोजतोय तो.”

“अय्या, हो की! मामा, बोट द्या. वरून रुमालानं झाकते.”

“आता किती?”

“एकशे अठरा. आणि मध्येच एखादा ठोका चुकतोय.”

“पुन्हा मोज.”

“तीनदा मोजले.”

मामा हळूच खाली बसले.

“परीक्षकांना बिनधास्त सांग, यंत्र चांगलं आहे. मामा नादुरुस्त आहे.”