क्लचला हात न लावता

गॅरेजच्या भिंतीवर नट खोलायचे पाने टांगलेले होते. कुणाची तरी साखळी रॉकेलमध्ये भिजत पडली होती. बाकाला एक काठी टेकून ठेवली होती. जुन्या मोटरसायकलमागे उकिडवा बसलेला मिस्त्री बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होता.

"क्लच दाबून गिअर टाकला तरी उडीच मारते गाडी!"

"मी तर वर्षभर रोज चालू करून ठेवत होते हो."

"आणि क्लच?"

"त्याला कशाला हात लावू? अंगणातून पळाली असती म्हणजे?"

"अगं, क्लच दाबल्यावर ती पळत नाही!"

"मला काय ठाऊक? आयुष्यभर मागे बसवलंत तुम्ही."

"मिस्त्री, ऐकलंत? हिचं काय करायचं?"

"काकूंचं काही नको करायला, काका. क्लच दाबलाच नाही, म्हणून आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. सोडवून, तेलात भिजवून बसवतो. इंजिन मात्र ठणठणीत आहे, रोज चालू केलं म्हणून."

"ऐका!"

"ऐकतोय. पण रोज किक मारायला तुला सांगितलं कोणी होतं?"

"कोणी नाही. आवाज आला की तुम्ही खिडकीकडे मान वळवायचात."

"...वळवायचो खरा."

"मग झालं तर. आता घरी जाताना हळू चालवा."

"आणि माझी काठी?"

"धरीन की मी मागे."

काका आता अंथरुणातून उठायचे नाहीत, असं डॉक्टरांनी ज्या आठवड्यात सांगितलं, त्याच आठवड्यात मिस्त्री ही गाडी विकत मागायला गेला होता, आणि काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.